सिकलसेल, पाणथरी आणि ताप : सकाळपर्यंत थांबू नका



मागच्या अंकात मी अंगातले रक्त कमी होण्याच्या तक्रारींवर लिहिले होते. तो लेख वाचून एका वाचक भगिनीने फोन केला. त्यांच्या नातवाचा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि त्याला सिकलसेलचा आजार असल्याचे तपासणीत निघाले आहे. आईबाप दोघेही कामाला जातात, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस बाळ पणजीकडे असते. त्या म्हणाल्या, "बाळ गुटगुटीत आहे, खेळते, पोटभर जेवते. मग डॉक्टर त्याला रोज दोन वेळा पेनिसिलिन का द्यायला लावतात? तेही पाच वर्षांचे होईपर्यंत! आणि ताप आला तर अकामोल देऊन घरी बसू नका, सरळ मियूनला या, असे सांगतात. आम्ही एवढी मुले वाढवली, तापाला असे कधी घाबरलो नाही."

प्रश्न रास्त आहेत, आणि ते एका घरापुरते नाहीत, म्हणून उत्तर इथे सविस्तर देते. मी नर्सिंग मुंबईत शिकले. इस्राएलला आल्यावर उत्तरेकडच्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात पुष्कळ वर्षे काम केले. गालीलातल्या अरब कुटुंबांतली सिकलसेलची मुले तिथे नेहमी येत. त्या मुलांना मी जवळून पाहिले आहे.

हा आजार काय आहे

आपल्या रक्तातल्या लाल पेशी बशीसारख्या गोल आणि मऊ असतात. बारीक नसांतूनही त्या वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मतः एक लहानसा फरक असतो. प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले किंवा ताप आला की पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून मूल फिके पडते, डोळे पिवळसर दिसतात. वाकड्या पेशी नसांत अडकल्या की हाडे आणि सांधे भयंकर दुखतात.

हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा खोकल्याने लागत नाही. तो आईबापांकडून येतो. एकाच पालकाकडून दोष आला तर माणूस फक्त वाहक असतो आणि सहसा त्याला काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडून सिकलचा आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष आला तरी असाच आजार होतो. ज्यांचा फोन आला त्यांच्या घरी हेच झाले आहे. नातसून ब्राझीलहून आलेल्या कुटुंबातली, तिच्याकडून सिकल आणि नातवाकडून थॅलेसेमिया. यात कुणाचा दोष नाही. "आमच्या घरात असे काही नव्हते" असे सुनेला ऐकवू नये.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रथम छापले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळला. आपल्या महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे तो पुष्कळ दिसतो. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेलविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. जिथे पूर्वी मलेरिया फार होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण वाहक माणसाला त्यामुळे जीवघेण्या मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते.

पाणथरीचे काम

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली प्लीहा असते. आपल्या आया तिला पाणथरी म्हणत. हिब्रूत तिला तेहोल म्हणतात. तिचे काम चाळणीचे आहे. रक्त तिच्यातून गाळले जाते, जुन्या पेशी बाजूला काढल्या जातात आणि रक्तात शिरलेले जंतू पकडले जातात. काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत आवरण असते, त्यामुळे ते शरीराच्या इतर पहारेकऱ्यांच्या हातून निसटतात. अशा जंतूंना पकडण्यात पाणथरीचा हात कुणी धरू शकत नाही. न्युमोकॉकस, हिमोफिलस आणि मेनिंगोकॉकस हे त्यातले मुख्य. न्युमोकॉकस निरोगी मुलांच्या नाकाघशातही असतो आणि बहुधा काही करत नाही.

सिकलसेलमध्ये विळ्याच्या पेशी पाणथरीतच अडकतात आणि तिला आतून निकामी करतात. ही सुरुवात बाळ काही महिन्यांचे असतानाच होते. कडक प्रकारच्या आजारात पाच वर्षांच्या आतच बहुतेक मुलांची पाणथरी काम करेनाशी होते. काही मुलांत ती मोठी होऊन हाताला लागते. मोठी झाली म्हणजे चांगले काम करते असा अर्थ घेऊ नये.

पणजीबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बाळ गुटगुटीत दिसते, खेळते, पण त्याचा पहारेकरी जागेवर नाही. बाहेरून ते दिसत नाही. इतर मुलांना सर्दीताप करून जाणारा जंतू अशा मुलाच्या रक्तात शिरला तर काही तासांत जिवावर बेतते.

रोजचे पेनिसिलिन कशासाठी

१९८६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सिकलसेलची २१५ लहान मुले त्यात होती. १०५ मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिले आणि ११० मुलांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले दिले. पेनिसिलिन घेणाऱ्यांत २ मुलांना न्युमोकॉकसचा गंभीर संसर्ग झाला, न घेणाऱ्यांत १३ मुलांना झाला आणि त्यांतली ३ मुले दगावली. पेनिसिलिनच्या गटात एकही दगावले नाही. फरक एवढा उघड होता की ठरलेल्या वेळेच्या आठ महिने आधीच चाचणी थांबवली. उरलेल्या मुलांना औषधावाचून ठेवणे योग्य नव्हते.

तेव्हापासून बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की पेनिसिलिन सुरू करतात आणि निदान पाच वर्षांपर्यंत चालू ठेवतात. साधारण मात्रा तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्राम आणि त्यानंतर २५० मिलिग्राम, दिवसातून दोनदा. पाच वर्षांनंतर बंद करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. ज्याला आधी असा संसर्ग झाला आहे किंवा ज्याची पाणथरी काढली आहे त्याला पुढेही देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर दुसरे औषध असते.

नुकसानीचे म्हणाल, तर कधी पोट सैल होते, क्वचित अंगावर पुरळ येते. पुरळ आले तर डॉक्टरांना कळवा. पण वर्षानुवर्षे घेऊन बाळ अशक्त होते ही भीती मनातून काढून टाका. खरे नुकसान होते ते डोस चुकल्याने. मूल चांगले असते म्हणून घरातले विसरतात, शुक्रवारी पाहुणे येतात, शनिवारी बाटली आईच्या घरी राहते. म्हणून बाळ दोन घरी राहत असेल तर दोन्ही घरी औषध ठेवा. पाण्यात कालवलेले पातळ औषध थोडेच दिवस टिकते. कोणत्या तारखेला फेकायचे ते फार्मसीतून बाटलीवर लिहून घ्या आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

आमच्या वॉर्डात एका मुलाबरोबर त्याची अरब आजी येई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दोन रेघा मारायचे ठरवले होते. एक सकाळच्या डोसची, एक रात्रीची. तपासणीला येताना ती ते कॅलेंडर गुंडाळी करून आणीत असे. चार वर्षांत मी तिचे रिकामे चौकोन बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. ही युक्ती आपणही घ्यावी.

लसी

पेनिसिलिन आणि लसी दोन्ही लागतात. एकामुळे दुसरे सुटत नाही. टिपत हलावच्या नेहमीच्या लसींत हिमोफिलसची लस १९९४ पासून आणि न्युमोकॉकसची २००९ पासून आहे. सिकलसेलच्या मुलाला त्याशिवाय काही जास्तीच्या लसी लागतात. न्युमोकॉकसच्या आणखी प्रकारांवरची लस दोन वर्षांनंतर, आणि मेनिंगोकॉकसची लस. दरवर्षी हिवाळ्याआधी फ्लूची लस घ्यावी. ज्यांना रक्त चढवावे लागते त्यांना कावीळ-बी ची लस झालेली हवी. या जास्तीच्या लसींची आठवण टिपत हलावमध्ये आपणहून होईलच असे धरू नका. रक्ताच्या डॉक्टरांकडून यादी लिहून घ्या.

आपण म्हाताऱ्यांनीही फ्लूची लस घ्यावी. बाळाला खोकला बहुतेक वेळा घरातल्याच कुणाकडून लागतो.

ताप आला तर

सिकलसेलच्या मुलाला किंवा मोठ्या माणसालाही ताप आला तर ती रात्र काढण्याची गोष्ट नव्हे. आपल्या लहानपणी कपाळावर ओली घडी ठेवायची, गवती चहा द्यायचा आणि सकाळी दवाखान्यात जायचे. ज्याची पाणथरी काम करते त्याला ते चालते. इथे चालत नाही.

मी नोकरीत असताना दोन वर्षांची एक मुलगी सकाळी आमच्याकडे आली. आदल्या संध्याकाळी तिला ताप आला होता. औषधाने उतरला, ती थोडे जेवली आणि झोपली. पहाटे पुन्हा चढला. आमच्याकडे आली तेव्हा तिचे हातपाय गार होते. जे करता येते ते सगळे केले, पण दुपारी ती गेली. घरातली माणसे निष्काळजी नव्हती, जीव लावणारी होती. तापाने एवढे होऊ शकते हे त्यांना कुणी नीट समजावलेच नव्हते.

म्हणून घरी हे करावे :

१. मूल गरम वाटले की आधी थर्मामीटर लावा. आकडा आणि वेळ कागदावर लिहा. न मोजता अकामोल देऊ नका. त्याने ताप झाकला जातो, जंतू मरत नाही.

२. ३८.५ अंशांना, म्हणजे आपल्या जुन्या मापाने १०१.३ ला, ताबडतोब मियूनला जायचे असा साधारण नियम आहे. पुष्कळ डॉक्टर ३८ लाच बोलावतात. तुमच्या डॉक्टरांचा आकडा विचारून फ्रिजवर लावा. आकडा माहीत नसेल तर ३८ धरा.

३. ताप नसला तरी मूल मलूल झाले, दूध घेईना, ओठ आणि तळवे पांढरे पडले, श्वास जलद चालला, मान ताठ झाली किंवा पोट डावीकडे फुगले तर थांबू नका. प्रकृती फार बिघडलेली दिसली तर १०१ वर मागेन दाविद अदोमला फोन करा.

४. कुपत होलीमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. शब्बाथ असो की किपूर, गाडीत बसा. पिकुआह नेफेश आहे, जीव वाचवणे आधी.

५. खिडकीवर पहिल्याच वाक्यात सांगा : "अनेमिया हेरमेशीत, येश लो होम." मुलगी असेल तर "येश ला होम." नुसते "ताप आहे" म्हटले तर सर्दीतापाच्या रांगेत बसवतील. बसवून ठेवलेच तर उठून पुन्हा सांगा. म्हातारे माणूस कटकट करते असे कुणी म्हणाले तरी म्हणू द्या.

मियूनमध्ये रक्त तपासायला घेतात, त्यात जंतू वाढतो का हेही बघतात. पण तो अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे थांबत नाहीत, लगेच शिरेतून जंतुनाशक औषध सुरू करतात. खोकला किंवा छातीत दुखणे असेल तर एक्स-रे काढतात. मूल दोन तासांत खेळायला लागले म्हणून "आता घरी सोडा" असा आग्रह धरू नका.

आणखी काही धोके

छाती : सिकलसेलमध्ये छातीचा संसर्ग आणि अडकलेल्या पेशी मिळून फुप्फुसाचे गंभीर दुखणे होते. ताप, खोकला, छातीत कळ, धाप ही त्याची लक्षणे. मोठ्या माणसांनाही हे होते. अंथरुणावर पडून असलेल्याला अधूनमधून बसवावे आणि दीर्घ श्वास घ्यायला लावावे.

लाल गाल : गानमध्ये कधी कधी 'पाचव्या आजारा'ची साथ येते. मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात आणि बरेही होतात. पण त्या विषाणूने सिकलसेलच्या मुलाच्या हाडातले नवे रक्त बनणे काही दिवस थांबते. त्याच्या पेशी आधीच थोडे दिवस जगणाऱ्या, त्यामुळे रक्त झपाट्याने उतरते. गानमध्ये साथ असेल तर मुलाच्या रंगाकडे लक्ष ठेवा आणि तपासणी करा.

हाडे : साल्मोनेला नावाचा जंतू सिकलसेलमध्ये हाडात शिरू शकतो. तो कच्ची अंडी, अर्धवट शिजलेली कोंबडी आणि न धुतलेल्या भाज्यांतून येतो. कोंबडी आतपर्यंत शिजवा, कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवा. घरात कासव पाळू नका, त्याच्या अंगावर हा जंतू असतो. एकाच जागी हाड सुजले, लाल झाले आणि ताप आला तर ते नेहमीचे दुखणे समजू नका.

रक्त चढवण्याने अंगात साचलेले लोह काढण्याचे औषध ज्यांना चालू आहे, त्यांना ताप आणि जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. बहुधा ते औषध थांबवायला सांगतात.

संसर्गात अंगातले पाणी आटते, पाणी आटले की पेशी वाकड्या होतात आणि दुखणे उसळते. म्हणून इथल्या उन्हाळ्यात मुलाला मागेपर्यंत थांबू नका, पाणी पुढे करीत राहा. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी आणि लंगोट बदलल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. दातांची काळजी घ्यावी, कारण किडलेल्या दातातूनही जंतू रक्तात जातो.

भारतात जाताना

आपण नातवंडांना अलिबागकडची जुनी गावे, सिनेगॉग दाखवायला नेतो. सिकलसेलच्या मुलाला नेऊ नये असे नाही, पण निघण्याआधी पुरेसे दिवस ठेवून डॉक्टरांना भेटा. सिकलसेल असलेल्याला मलेरिया होत नाही हा गैरसमज आहे. थोडे संरक्षण मिळते ते वाहकाला. आजार असलेल्याला मलेरिया झाला तर प्रकृती फार बिघडते. मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, टायफॉइडची लस, बाटलीबंद किंवा उकळलेले पाणी यांची तयारी हवी. पेनिसिलिन हातातल्या पिशवीत ठेवा. आजाराचे पत्र इंग्रजीतून बरोबर घ्या.

ज्यांची पाणथरी काढली आहे

हे तुमच्यामाझ्या वयाच्या वाचकांसाठी आहे. कुणाची पाणथरी अपघातात फाटली म्हणून काढली असेल, कुणाची लढाईतल्या जखमेने, कुणाची रक्ताच्या आजारासाठी. जखम भरली, चाळीस वर्षे गेली, माणूस विसरून गेला. पण जंतूंपुढे त्याची अवस्था सिकलसेलच्या मुलासारखीच असते. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, तरी तो जन्मभर राहतो.

डाव्या बाजूला जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल आणि काय काढले ते आठवत नसेल तर घरच्या डॉक्टरांना विचारा. पाणथरी नसल्याचे कुपत होलीमच्या नोंदीत आहे का ते बघा. तुमचे ऑपरेशन झाले तेव्हा आजच्या काही लसी निघालेल्याच नव्हत्या, म्हणून न्युमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्या लसी झाल्या का ते तपासा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : "एन ली तेहोल", मला पाणथरी नाही. घरी जंतुनाशक गोळ्या ठेवाव्यात का तेही विचारा. काही डॉक्टर अशा माणसाला ताप येताच पहिली गोळी घेऊन लगेच मियूनला निघायला सांगतात. कुत्रा चावला, दात जरासा लागला, तरी त्याच दिवशी दाखवा. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू पाणथरी नसलेल्याला फार बाधतो.

घरात मदतीला मेतापेलेत असेल तर तिलाही हे समजावून सांगा, कारण रात्री ताप आला तर जवळ तीच असते.

लेख कापून फ्रिजवर लावायचा असेल तर 'ताप आला तर' या भागातले पाच मुद्दे पुरेत. त्याखाली आपल्या रक्ताच्या डॉक्टरांचा नंबर आणि मुलाच्या आजाराचे नाव हिब्रूत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. चष्मा सापडला नाही तरी वाचता आले पाहिजे.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.